गेमिंग पीसीचा प्रोसेसर बदलायचाय आणि फास्ट रॅम नीट चालवायचीय? पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने

प्रोसेसर बदलायला खरंतर अर्धा तास पुरतो. जुना काढला, नवीन बसवला, उष्णता कूलरकडे नेणारी थर्मल पेस्ट लावली, कूलर आवळला, झालं. वेळ जातो तो त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर, आणि पहिल्यांदा करणारे नेमके हेच दोन भाग उरकून टाकतात कारण पीसी चालू झाला, विंडोज आलं, गेम सुरू झाला की वाटतं जमलं सगळं.

माझं पण असंच झालं होतं. ३६०० ची रॅम मी ३८०० वर चढवली, गेम तीन-तीन तास सलग चालायचे, एकदाही क्रॅश नाही, म्हटलं मस्त. दोन-तीन आठवड्यांनी एक मोठी झिप फाइल उघडेना. मग दुसरी. मग बॅकअप म्हणून कॉपी केलेले फोटो उघडून बघितले तर काही फोटो अर्ध्यापासून खाली नुसते राखाडी. रॅममध्ये कुठेतरी एखादा बिट चुकत होता आणि ती चूक तशीच्या तशी ड्राइव्हवर लिहिली जात होती, स्क्रीनवर काहीच न दिसता. ते फोटो परत आले नाहीत. म्हणून हे सगळं इतकं तपशिलात लिहितोय. पीसी चालू होणं आणि पीसी स्टेबल असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट टेस्ट केल्याशिवाय कळत नाही.

आधी बघा, खरंच प्रोसेसरच अडतोय का

गेममध्ये ओव्हरले (खेळताना कोपऱ्यात आकडे दाखवणारी पट्टी) लावा आणि ग्राफिक्स कार्डचा वापर बघा. फ्रेम लिमिट आणि व्ही-सिंक आधी बंद करा, नाहीतर आकडा फसवा येतो. कार्ड सतत ९७-९९ टक्क्यांवर असेल तर नवीन प्रोसेसर टाकून फार काही हाती लागणार नाही, तुमचं कार्डच पूर्ण ताकदीने पळतंय. कार्ड ६०-७० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि फ्रेम मध्येच धाडकन खाली येतायत तर संशय प्रोसेसरवर.

इथे बरेच जण टास्क मॅनेजर उघडतात आणि म्हणतात प्रोसेसर तर ४० टक्केच वापरतोय मग तो कसा अडेल. तो आकडा सगळ्या थ्रेडचा मिळून असतो. गेमचा मुख्य थ्रेड एकाच कोअरवर घाम गाळत असतो आणि बाकीचे निवांत, त्यामुळे एकूण ४० टक्के दिसलं तरी प्रोसेसर अडलेला असू शकतो. सोपी खात्री म्हणजे गेमचं रिझोल्यूशन खाली आणा, अगदी ७२० पर्यंत, बाकी सेटिंग तशीच ठेवा. फ्रेम भरभर वाढल्या तर अडथळा कार्डाचा होता. जेमतेम तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसरचा.

आणि अजून एक, नवीन काही घ्यायच्या आधी आत्ताची रॅम कितीवर चालतेय ते बघा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरीवर क्लिक केलं की स्पीड दिसतो. ३२०० किंवा ३६०० ची म्हणून घेतलेली रॅम तिथे २१३३ किंवा २४०० दाखवत असेल तर बायोसमधलं (विंडोजच्या आधी चालू होणारा, बोर्डाच्या सेटिंग सांभाळणारा प्रोग्राम) रॅमच्या स्पीडचं प्रोफाइल कधी चालूच केलेलं नाहीये. तसंच एकच स्टिक लावलेली असेल तर रॅम सिंगल चॅनेलवर चालतेय, म्हणजे डेटाला दोनऐवजी एकच वाट. या दोन गोष्टी सुधारल्या की काही जणांना प्रोसेसर बदलायची गरजच उरत नाही, हे मी जवळच्या दोघांच्या पीसीवर बघितलंय.

कुठला प्रोसेसर बसेल

सगळ्यात आधी सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा. एएमडीचा एएम४ हा सॉकेट फार लांब चालला, २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५००० सिरीजपर्यंत, त्यामुळे जुना बोर्ड ठेवून मोठी उडी मारायची सोय यात सगळ्यात चांगली आहे. गेमिंगसाठी त्यातले खास म्हणजे २०२२ मध्ये आलेला ५८००एक्स३डी आणि २०२४ मध्ये आलेला ५७००एक्स३डी, दोघांत ९६ एमबी एल३ कॅश. गेमला लागणारा डेटा प्रोसेसरच्या आतच जास्त मावतो, रॅमकडे कमी वेळा धावावं लागतं, म्हणून हे चिप गेममध्ये इतके पुढे जातात. आणि याचाच दुसरा अर्थ असा की एक्स३डी प्रोसेसरला रॅमच्या स्पीडने साध्या प्रोसेसरइतका फरक पडत नाही. एक्स३डी घेणार असाल तर अतिमहाग रॅमच्या मागे लागू नका, साधी चांगली किट घ्या.

एएम५ २०२२ मध्ये आला, तिथे फक्त डीडीआर५ चालते. इंटेलकडे एलजीए १२०० वर दहावी आणि अकरावी पिढी, एलजीए १७०० वर बारावी, तेरावी आणि चौदावी. एलजीए १७०० चे बोर्ड काही डीडीआर४ चे आहेत तर काही डीडीआर५ चे, आपला कुठला ते बघूनच रॅम घ्या. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसतच नाही, आणि बसत नाही म्हणून जोर लावला तर स्लॉट जातो.

सॉकेट जुळला म्हणजे झालं असंही नाही. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाच्या पानावर सपोर्टेड प्रोसेसरची यादी असते, त्यात प्रोसेसरसमोर बायोसचा व्हर्जन लिहिलेला असतो, म्हणजे त्या किंवा त्यापुढच्या बायोसवरच तो प्रोसेसर चालेल. बोर्डाचं नाव अगदी रिव्हिजनसकट जुळवा, बोर्डावर कोपऱ्यात छोट्या अक्षरात छापलेलं असतं. इंटेलच्या एच६१० सारख्या साध्या चिपसेटवर मेमरी ओव्हरक्लॉक करता, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीडने चालवता येत नाही, तिथे ३६०० ची रॅम घेऊन काही उपयोग नाही. आणि स्वस्त बोर्डवर खूप पॉवर खाणारा प्रोसेसर टाकू नका, सॉकेटच्या बाजूचं पॉवर सर्किट तापलं की प्रोसेसर आपणहून हळू होतो.

रॅम घेताना

दोन स्टिकची एकच किट घ्या. आधीची दोन आहेत त्यात अजून दोन टाकतो, हा विचार फास्ट रॅमच्या बाबतीत सोडून द्या. मॉडेल तेच असलं तरी आतली चिप वेगळी निघू शकते, आणि चार स्टिक झाल्या की मेमरी कंट्रोलरवरचा (प्रोसेसरमधला रॅम हाताळणारा भाग) भार वाढतो. किती वाढतो ते बघायचं असेल तर एएमडीचेच अधिकृत आकडे घ्या, रायझन ७००० साठी दोन स्टिकला ५२०० आणि चार स्टिकला ३६००. चार स्टिक ६००० वर चालवणारे लोक आहेत, पण पहिल्याच खेपेला ते डोक्याला ताप करून घेण्यासारखं आहे.

मग स्पीड किती? रायझन ५००० वर ३६००. कारण सांगतो. रायझनच्या आत इन्फिनिटी फॅब्रिक म्हणून जोडणी असते, तिचा स्वतःचा क्लॉक असतो, आणि रॅमचा क्लॉक आणि हा क्लॉक एकास एक चालले तर उत्तम. ३६०० च्या रॅमचा खरा क्लॉक १८०० असतो कारण डीडीआर म्हणजे एका ठोक्याला दोनदा डेटा जातो. फॅब्रिक १८०० पर्यंत बहुतेक प्रोसेसरमध्ये सहज जातं, १९०० काहींमध्येच. त्याच्या वर गेलात की एकास एक तुटतं आणि ४००० ची रॅम ३६०० पेक्षा गेममध्ये मागे पडू शकते. एएम५ वर गणित थोडं वेगळं, तिथे मेमरी कंट्रोलर आणि रॅम एकास एक ठेवायचे असतात आणि त्यासाठी ६००० हा आकडा सगळ्यात सोयीचा. इंटेलवर कंट्रोलर आणि रॅम एकास एक असले तर गिअर १ आणि कंट्रोलर निम्म्या क्लॉकवर असला तर गिअर २ म्हणतात, डीडीआर४ असेल तर गिअर १ मध्ये राहील असाच स्पीड घ्या.

सीएल म्हणजे डेटा मागितल्यावर तो द्यायला रॅम किती ठोके घेते तो आकडा, तो एकटा बघू नका. सीएलला २००० ने गुणा आणि स्पीडने भागा, उत्तर नॅनोसेकंदात येतं. ३२०० सीएल १६ म्हणजे १०. ३६०० सीएल १८ पण १०. ६००० सीएल ३० पण १०च. ३६०० सीएल १६ साधारण ८.९. म्हणजे सीएल ३० बघून घाबरायचं कारण नाही. घेण्याआधी बोर्डाच्या मेमरी लिस्टमध्ये ती किट आहे का तेवढं बघून घ्या, नसली म्हणजे चालणार नाही असं नाही, पण असली तर डोकेदुखी कमी.

हात लावायच्या आधी

बॅकअप घ्या. महत्त्वाच्या फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर, आणि ती ड्राइव्ह काढून बाजूला ठेवा.

मग बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राइव्ह एन्क्रिप्शन, ड्राइव्हला लावलेलं कुलूप. हे कोणी सांगत नाही आणि अडकलं की माणूस रडकुंडीला येतो. विंडोज ११ मध्ये अनेक पीसीवर ड्राइव्ह एन्क्रिप्शन आपणहून चालू असतं, आणि त्याची किल्ली प्रोसेसरमधल्या टीपीएमशी (अशा किल्ल्या जपणारा सुरक्षेचा भाग) बांधलेली असते. प्रोसेसर बदलला की तो टीपीएम गेला आणि विंडोज चालू होताना ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर ड्राइव्हवरचा डेटा गेला. बायोस अपडेटनेही हे होऊ शकतं. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन एन्क्रिप्शन चालू आहे का बघा, असेल तर की कागदावर लिहून घ्या आणि काम संपेपर्यंत ते बंद किंवा सस्पेंड करून ठेवा. विंडोजला लॉगिन करायचा पिनही नव्याने बनवावा लागू शकतो, तेव्हा अकाउंटचा पासवर्ड लक्षात आहे ना ते बघा.

आता बायोस अपडेट, आणि हे जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करायचं. नवीन टाकून मग अपडेट करू म्हटलं तर स्क्रीनच येणार नाही. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइल टाका, बायोसच्या आतल्या फ्लॅश टूलमधून अपडेट करा. त्याआधी बायोस डिफॉल्टवर आणा, म्हणजे रॅम पण साध्या स्पीडवर येईल, डळमळीत रॅमवर बायोस फ्लॅश करणं म्हणजे हाताने संकट ओढवून घेणं. मध्ये वीज गेली तर बोर्ड बंद पडू शकतो, त्यामुळे यूपीएस असेल तर त्यावर लावा, नसेल तर वीज जायची शक्यता कमी असेल अशी वेळ बघा. काही बोर्डांना मागे फ्लॅशबॅकचं बटण असतं, त्याने प्रोसेसर नसतानाही बायोस टाकता येतं, तुमच्या बोर्डला ते असेल तर निम्मी काळजी मिटली. इंटेलची तेरावी किंवा चौदावी पिढी टाकणार असाल तर सगळ्यात नवीन बायोस घ्याच, कारण त्या चिपमध्ये जास्त व्होल्टेजमुळे बिघाड होत होते आणि २०२४ मध्ये इंटेलने त्यावर मायक्रोकोडचे अपडेट काढले, ते बायोसमधूनच येतात.

अदलाबदल

एएम४ असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. कूलर काढायच्या आधी पीसी दहा-पंधरा मिनिटं गेम लावून गरम करा, मग बंद करा, वायर काढा. पेस्ट गरम असली की मऊ असते. कूलरचे स्क्रू किंवा क्लिप सोडल्यावर सरळ वर ओढायचं नाही, हळूहळू डावीकडे-उजवीकडे फिरवायचं, सुटल्यासारखा वाटला की मगच उचलायचं. एएम४ मध्ये १३३१ पिना प्रोसेसरच्या खाली असतात आणि सॉकेटची पकड तेवढी घट्ट नसते, पेस्ट सुकलेली असली तर कूलरबरोबर प्रोसेसरच उपटून येतो, लीव्हर बंद असतानाही. आला तर घाबरून हलवू नका, पिना वर राहतील असा टेबलावर ठेवा, उजेडात चारही बाजूंनी रांगा बघा. एखादी वाकली असेल तर शिसं काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलचं टोक पिनवर बसवून अगदी सावकाश सरळ करता येते. मी एकदा तीन पिना अशा सरळ केल्यात, तासभर लागला, तो प्रोसेसर अजून चालतोय.

एएम५ आणि इंटेलमध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात. तिथे बोट, कापड, पेस्ट, काहीच लागू देऊ नका, सॉकेट उघडा असताना त्याच्यावर वाकून काही शोधत बसू नका. जुना काढला की लगेच नवीन.

आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक जाते. लीव्हर वर, प्रोसेसरवरचा छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा, नुसता ठेवा. तो स्वतःच्या वजनाने बसला पाहिजे, दाबायचा नाही. मग लीव्हर खाली. इंटेल आणि एएम५ ची लीव्हर लावताना बऱ्यापैकी जोर लागतो आणि करकर आवाज येतो, ते नॉर्मल आहे.

जुनी पेस्ट कूलरच्या बुडावरून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पूर्ण पुसा. नवीन पेस्ट मध्यभागी वाटाण्याएवढी, मोठ्या प्रोसेसरला थोडी जास्त. जास्त पडली तर बाजूला ओघळेल, कमी पडली तर कोपरे गरम राहतील, म्हणून किंचित जास्त परवडली. कूलर नवीन असेल तर बुडाची प्लॅस्टिक फिल्म काढा, ती तशीच ठेवून प्रोसेसर ९५ डिग्रीवर का जातोय असं विचारणारे खूप भेटतात. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे आवळा. फॅनची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागीच लावा.

रॅम दोन स्टिक असतील आणि स्लॉट चार, तर जवळपास सगळ्या बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा. स्टिक दोन्ही टोकांना दाबून टक असा आवाज यायला हवा. रॅमच्या निम्म्या तक्रारी नीट न बसलेल्या स्टिकमुळे असतात असं माझं मत झालंय.

पहिला स्टार्ट

बटण दाबलं आणि स्क्रीन काळी, फॅन फिरतायत. थांबा. बोर्ड नवीन रॅमशी जुळवून घेत असतो, याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, डीडीआर५ ला पहिल्या वेळी काही मिनिटं लागतात, मध्ये एक-दोनदा आपणहून रीस्टार्टही होतो. यात घाई करून बंद केलं की सगळं परत पहिल्यापासून. मी पहिल्या वेळी पंधरा मिनिटं देतो. तरी काही नाही आलं तर बोर्डावरचे छोटे दिवे बघा, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी नावं असतात, जो पेटून राहिलाय तिथे अडलंय. डीरॅमवर अडलं तर एकच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. मग सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसच्या सेटिंग पुसून टाका, जंपरने किंवा पीसीची वायर काढून बोर्डावरचा गोल सेल पाच मिनिटं बाहेर ठेवून.

एएमडीवर फर्मवेअर टीपीएम बदलल्याचा मेसेज येऊ शकतो आणि वाय किंवा एन दाबायला सांगतो. बिटलॉकरचं आधी निस्तरलं असेल तर वाय दाबा. नसेल तर एन दाबून आधी ते बघा.

बायोस दिसलं की अजून काहीही चालू करू नका. मोह होतो, माहितीये. पण एक्सएमपी (रॅमचं फास्ट प्रोफाइल), पीबीओ (एएमडी प्रोसेसरला जास्त पळवणारं सेटिंग), अंडरव्होल्ट (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करणं) सगळं एकदम चालू केलं आणि उद्या क्रॅश झालं तर कोणामुळे झालं ते कसं कळणार? आधी सगळं डिफॉल्टवर, रॅम साध्या २१३३ किंवा ४८०० वर, विंडोजमध्ये चिपसेट ड्रायव्हर टाका, अर्धा तास प्रोसेसरवर लोड देऊन तापमान बघा. रायझन ७००० चे एक्स३डी नसलेले मॉडेल फुल लोडला ९५ पर्यंत जातात, ते तसेच बनवलेत, ५८००एक्स३डी ची मर्यादा ९० आहे. गेममध्ये आकडा त्याच्या बराच खाली असायला हवा. मग मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर टाकून एक रात्र चालवा. डिफॉल्टवर एरर आली तर सेटिंगचा दोष नाही, स्टिक, स्लॉट किंवा प्रोसेसर यांपैकी काहीतरी खराब आहे. एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये टेस्ट केली की कळतं, आणि मग वॉरंटी. ही रात्र वाचवलीत तर पुढचे चार दिवस भलत्याच जागी शोधण्यात जातात.

आता फास्ट रॅम

बायोसमध्ये एक्सएमपी, एएम५ वर एक्सपो, काही बोर्डांवर डीओसीपी, नाव काहीही असो, काम तेच. रॅमवर एका छोट्या चिपमध्ये कंपनीने स्पीड, टायमिंग आणि व्होल्टेज लिहून ठेवलेलं असतं, ते बोर्ड एका क्लिकमध्ये लावतो. एक गोष्ट नीट समजून घ्या, हे ओव्हरक्लॉकिंगच आहे. डीडीआर४ चं प्रमाण १.२ व्होल्ट आहे आणि एक्सएमपी सहसा १.३५ लावतं. कंपनीने त्या स्टिक त्या स्पीडवर तपासलेल्या असतात पण तुमच्या प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर आणि तुमचा बोर्ड त्यांनी तपासलेला नसतो. म्हणून बॉक्सवर ३६०० लिहिलंय तर चाललीच पाहिजे हे गृहीत धरू नका.

प्रोफाइल लावा, सेव्ह करा, विंडोजमध्ये येऊन सीपीयू-झेड उघडा. तिथे ३६०० च्या रॅमला साधारण १८०० दिसेल, ते बरोबर आहे, अर्धाच आकडा दाखवतो. रायझनवर झेनटायमिंग्स नावाचं छोटं फुकट टूल घ्या, त्यात फॅब्रिक, कंट्रोलर आणि रॅम तिन्ही क्लॉक शेजारी दिसतात. एएम४ वर तिन्ही सारखे हवेत. एएम५ वर कंट्रोलर आणि रॅम सारखे, फॅब्रिक २००० च्या आसपास, ते वेगळं असणं ठीक आहे.

टेस्ट. आधी मेमटेस्ट८६ च्या चारही फेऱ्या. मग विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा ओसीसीटी ची मेमरी टेस्ट दोन-तीन तास, आणि प्राइम९५ लार्ज मोडवर किंवा वाय-क्रंचर एक तास, कारण हे प्रोसेसर, कंट्रोलर आणि रॅम तिघांना एकत्र रगडतात. एक एरर आली तरी टेस्ट फेल. एकच तर आली, चालतंय, असं नाही. माझे फोटो असल्याच एखाद-दुसऱ्या एररने गेले.

सगळं पास झालं की इव्हेंट व्ह्यूअर उघडा आणि सिस्टिम लॉगमध्ये डब्ल्यूएचईए लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी शोधा. पीसी मजेत चालतोय आणि आत १९ नंबरच्या नोंदी साचतायत असं रायझनवर दिसतं, म्हणजे चुका होतायत आणि सुधारल्या जातायत, बहुतेक वेळा फॅब्रिक जास्त ताणलंय. फॅब्रिक आणि रॅम दोन्ही एक पायरी खाली घ्या. शेवटी ग्राफिक्स कार्ड तापवणारा गेम दोन तास खेळा. कार्डाची गरम हवा रॅमवर येते आणि थंड असताना पास होणारी रॅम ५० डिग्रीच्या वर गेली की चुकायला लागते, हे नुसत्या मेमरी टेस्टमध्ये दिसत नाही.

एरर आल्या तर

एका वेळी एकच बदल, आणि वहीत लिहा. कधी एरर आली हेही लिहा कारण त्यावरून बरंच कळतं. टेस्ट सुरू होताच भसाभसा एरर म्हणजे स्पीड किंवा टायमिंग झेपतच नाहीये. अर्धा-पाऊण तासाने एखादी म्हणजे उष्णतेचा संशय, बाजूने फॅनची हवा देऊन परत चालवा. मेमटेस्ट स्वच्छ पण प्राइम९५ पडतं, तर कंट्रोलर, फॅब्रिक किंवा प्रोसेसर. आणि पीसी नुसता बसलेला असताना आपणहून रीस्टार्ट होतोय तर रॅमच्या मागे लागायच्या आधी अंडरव्होल्ट किंवा कर्व्ह ऑप्टिमायझर (एएमडीचं अंडरव्होल्टचं सेटिंग) काढून बघा, तिथला दोष हुबेहूब रॅमसारखा वाटतो.

मी आधी स्पीड एक पायरी खाली आणतो, टायमिंग तशीच ठेवून, ३६०० वरून ३४६६ किंवा ३४००, ६००० वरून ५८००. गेममध्ये याचा फरक डोळ्याला दिसत नाही, आणि कितीतरी पीसी एवढ्यानेच शांत होतात. खाली यायचंच नसेल तर व्होल्टेज. डीडीआर४ ला १.३५ वरून १.३८, फार तर १.४०. एएम४ वर एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलर असतो त्या भागाचं व्होल्टेज) १.०५ ते १.१ मध्ये बघा, जास्त दिलं की जास्त स्टेबल असं नसतं, कधी कधी उलट होतं. एएम५ वर एसओसी १.३ च्या वर कधीच नाही. २०२३ मध्ये काही बोर्डांवर जास्त एसओसी व्होल्टेजने प्रोसेसर जळाले होते आणि त्यानंतरच ही मर्यादा बायोसमध्ये आली, म्हणून एक्सपो लावल्यावर हा आकडा स्वतः वाचून घ्या.

रायझनवर गिअर डाउन मोड चालूच ठेवा, स्थिरतेला मदत होते. फक्त तो चालू असताना सीएल विषम असेल तर वरच्या सम आकड्यावर जातो, १५ चं १६ दिसलं तर गोंधळू नका. इंटेलवर कमांड रेट २टी करून बघा.

चार-पाच दिवस हे करताना विंडोज डळमळीत रॅमवर चाललेलं असतं हे विसरू नका, त्याच्याही फाइल बिघडलेल्या असू शकतात. रॅम पक्की झाल्यावर ॲडमिनच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सिस्टिम फाइल चेकर चालवा. त्यात दुरुस्त न होणाऱ्या फाइल निघाल्या तर विंडोज नव्याने टाका, नाहीतर रॅम नीट असूनही क्रॅश होत राहतील आणि तुम्ही परत रॅमलाच दोष द्याल.

पक्की सेटिंग सापडली की बायोसमध्ये प्रोफाइल म्हणून सेव्ह करा आणि सगळ्या पानांचे मोबाइलने फोटो काढा, कारण बायोस अपडेट केलं की बहुतेक बोर्डांवर सेव्ह केलेली प्रोफाइलही उडतात. बिटलॉकर सस्पेंड किंवा बंद केलं असेल तर परत चालू करा, आणि पूर्ण बंद केलं होतं तर नवीन रिकव्हरी की लिहून ठेवा. एएम५ वर रोजचा स्टार्ट हळू वाटत असेल तर मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर चालू करता येतं, त्याने दर वेळचं ट्रेनिंग टळतं, पण ते सगळ्यात शेवटी, आणि चालू केल्यावर टेस्ट परत एकदा. बायोस अपडेट केल्यावर पण परत एकदा. आणि हे सगळं थंडीत केलं असेल तर खोली चांगली तापलेली असेल अशा दिवशी दुपारी टेस्टमेम५ अजून एकदा लावा, माझी ३४६६ वर पक्की झालेली रॅम तशा एका दुपारी दोन एरर देऊन गेली होती आणि शेवटी ३४०० वर बसली, तिथे ती आजपर्यंत आहे.